लेवीयपाशी अडलेलं वाचन

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपते, चर्चच्या दारात नव्या वर्षाच्या वचनाची, म्हणजे बायबलमधल्या एका वाक्याची, चिठ्ठी हातात पडते आणि घरी जाता जाता बरेच जण मनाशी ठरवतात, यंदा अख्खं बायबल वाचून काढायचं. १ जानेवारीला उत्पत्ती हे पहिलं पुस्तक उघडतं. आदाम, नोहा, अब्राहाम, योसेफ अशा गोष्टीच गोष्टी असतात, त्यामुळे वाचन धावतं. पुढच्या निर्गमात मिसर, दहा पीडा, तांबडा समुद्र, इथवरही मजेत. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. बाभळीच्या फळ्या, चांदीच्या उथळ्या, पडद्यांना निळ्या सुताची बिरडी, म्हणजे फासे. ज्यांच्या घरी बिरडं म्हणजे वालाची उसळ, त्यांचं तर काही विचारूच नका.

हिशेब साधा आहे. उत्पत्तीचे ५० अध्याय आणि निर्गमाचे ४०. रोज तीन वाचले तर तीस दिवसांत दोन्ही संपतात आणि ३१ जानेवारीला समोर लेवीय हे तिसरं पुस्तक उभं राहतं. होमबली, अन्नबली, पापबली, कुठल्या प्राण्याची कुठली चरबी कुठे जाळायची. फेब्रुवारीच्या मध्याला बायबलातली लाल फीत जिथे असते तिथेच राहते, पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत. मी स्वतः चार वेळा तिथे अडकले आहे. चारही वेळा मला वाटलं की माझीच भक्ती कमी पडली. आता वाटतं, भक्तीचा त्यात फारसा दोष नव्हता. 'रोज वाचत जा' हे लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण वाचायचं कसं हे कुणी बसून शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे बायबल हे एका बैठकीत एकाने लिहिलेलं पुस्तक नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या (चर्चच्या) बायबलात ६६ पुस्तकं आहेत, येशूच्या आधीच्या जुन्या करारात ३९ आणि त्याच्यापासून पुढच्या नव्यात २७. कॅथलिक बायबलात ७३. 'बायबल' हा शब्दही ग्रीकमधल्या 'पुस्तकं' या अनेकवचनातूनच आला आहे. कल्पना करा, एखाद्याने घरातला सातबारा, शिरगणतीची वही, कायद्याचं पुस्तक, पोवाडे, लग्नातली गाणी, म्हणींचा संग्रह आणि थोरल्या काकांची गावाला आलेली पत्रं एकत्र बांधून वर काळं कव्हर चढवलं, तर आपण ते सगळं एकाच वेगाने वाचू का? यहोशवाच्या पुस्तकात कुठल्या वंशाला कुठली शीव मिळाली याचे अध्यायच्या अध्याय आहेत. तो सातबाराच आहे. ज्याची जमीन आहे त्याला त्यातलं एकेक नाव प्राणाहून प्यारं. आपण तो चाळला तरी चालतं, फक्त तो तिथे का आहे हे माहीत हवं. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र मात्र चारच अध्यायांचं आहे. पाव तासात होतं. पत्र जसं वाचतात तसं ते एका दमात वाचावं. आलेल्या पत्राचा एक परिच्छेद आज आणि दुसरा परवा असं कुणी करत नाही. स्तोत्रांचं याच्या उलट. ती कविता आहे, तिथे एक स्तोत्र दिवसभर पुरतं. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, त्यामुळे महिन्याच्या तारखेला त्या क्रमांकाचा अध्याय ही जुनी युक्ती अजून छान चालते.

मग सुरुवात कुठून करावी? मला कुणी विचारलं तर मी मार्क सांगते. १६ अध्याय, सगळ्यात आटोपशीर शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक), मोठ्याने वाचलं तरी साधारण दीड तासाचा मजकूर. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. असं करणारे उत्साही लोक दर मंडळीत एक-दोन असतात आणि ते आपल्याला श्वापदांची शिंगं मोजायला लावतात.

कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने शास्त्राची प्रत दिली, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. वाचीन असा शब्द दिला म्हणून ते वाचू लागले, गोडी अशी नव्हती. पकडून ठेवलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ५, ६ आणि ७ या तीन अध्यायांनी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाने. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला या गोष्टीत नेहमी एक बारीक मुद्दा दिसतो. इतक्या मोठ्या ग्रंथातले तीन अध्याय त्यांना पुरले.

सवय बसवायची म्हणजे काय

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. रोज एक छोटी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची, म्हणजे न्याहारीनंतर पाणी पिणं वगैरे, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. सरासरी ६६ दिवस निघाले. (६६ पुस्तकं, ६६ दिवस! उपदेशात वापरायला छान आहे, पण तो निव्वळ योगायोग.) खरं बघण्यासारखं पुढेच आहे. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार उशिरा कळलं. माझा एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा अध्यायांचं देणं उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी नऊचं. सावकाराच्या व्याजासारखं ते वाढत जाई आणि मी पुस्तकच टाळू लागे. आता चुकलेला दिवस मी चक्क माफ करते. मागचं भरून काढायचं नाही, आजचं वाचायचं. तारखा छापलेला तक्ता असेल तर त्यावर तारखांऐवजी नुसत्या खुणा करायच्या. ॲपमध्ये सलग दिवसांचा आकडा दिसतो ना, तो मी बंदच करून टाकला. रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना एक वचन उघडून आकडा वाचवायचा, याला वाचन म्हणत नाहीत.

आणि 'सकाळी लवकर उठून' हे सगळ्यांनाच जमेल असं नाही. आमच्या मंडळीतल्या एक मावशी आहेत. त्यांचं बायबल फ्रिजवर असतं, कव्हरला हळदीची बोटं लागलेली. कुकर चढवला की त्या ते उतरवतात, स्टुलावर बसतात आणि तिसऱ्या शिट्टीला मिटतात. मी एकदा विचारलं, वाक्य अर्धं राहिलं तर? म्हणाल्या, "मग भाजी चिरताना तेच घोळतं की!" सवयीचं सगळं शास्त्र या स्टुलावर आहे. आधीपासून रोज घडणारी एक गोष्ट, तिला जोडलेली एक लहान गोष्ट, आणि पुस्तक डोळ्यांसमोर. कपाटातल्या शोकेसमध्ये मखमली पिशवीत ठेवलेलं बायबल वाचलं जात नाही. लोकलमध्ये तासभर जात असेल तर कानात ऑडिओ लावा, मराठी वाचन ऐकायला मिळतं. ऐकणं हे काही कमी प्रतीचं नाही. छापखाने येईपर्यंत बहुतेक ख्रिस्ती लोकांनी शास्त्र ऐकलंच होतं.

आकडेवारी हवी असेल त्यांच्यासाठी एवढंच: अध्याय एकूण १,१८९ आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचे तर रोज तीनच्या वर. नव्या करारात २६०. सोमवार ते शुक्रवार एकेक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर पुरा होतो आणि शनिवार-रविवार मोकळे. पहिल्या वर्षाला हे पुष्कळ झालं.

वर्षभराच्या तक्त्यांत सगळ्यात गाजलेला तक्ता रॉबर्ट मरे मॅक्चेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या आपल्या मंडळीसाठी केला. रोज साधारण चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी तो वारला, वय २९. तक्ता अजून जगभर वापरतात, पण त्याने सोबत धोके लिहिले होते ते फारसं कुणी वाचत नाही. वाचन नुसता रिवाज होईल, वाचलं म्हणून माणूस स्वतःलाच धार्मिक समजू लागेल, घाईघाईत वाचेल, आणि काहींना हे जू फार जड होईल. तक्ता देणाऱ्यानेच इतकं स्पष्ट सांगून ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पेन्सिल हातात घेऊन

आता अभ्यास. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं ग्रीक यायला हवं, जाडजूड टीकाग्रंथ हवेत. सुरुवातीला फक्त पेन्सिल लागते आणि एकच उतारा तीनदा वाचायची तयारी. करूनच बघू. मार्क १०, वचनं ४६ ते ५२. यरीहोबाहेरच्या रस्त्याच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलाय. येशू जातोय हे ऐकून तो ओरडतो. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? मला दिसावं, तो म्हणतो. त्याला दिसू लागतं.

पहिल्या वाचनात हा एक चमत्कार आहे. संडे स्कूलमध्ये चित्र रंगवून झालेला.

दुसऱ्यांदा वाचताना स्थळं आणि क्रियापदं तेवढी अधोरेखित करा. सुरुवातीला तो रस्त्याच्या कडेला बसलेला आहे. शेवटी तो त्याच रस्त्याने येशूच्या मागे चालतोय. बसलेला माणूस चालू लागला. आणि हा रस्ता जातो कुठे? पान उलटलं की ११वा अध्याय सुरू होतो, यरुशलेम जवळ आलेलं आहे. म्हणजे दृष्टी आल्याबरोबर हा माणूस वधस्तंभाच्या दिशेने चालणाऱ्या टोळीत सामील झाला.

तिसऱ्यांदा वाचताना मागची दोन पानं घ्या. ३६व्या वचनात येशूने हाच प्रश्न आधी एकदा विचारलेला आहे: मी तुमच्यासाठी काय करावं? तिथे समोर होते याकोब आणि योहान, त्याचे जवळचे शिष्य. त्यांनी मागितल्या उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्या. आंधळ्याने मागितलं दिसणं. आणखी थोडं मागे, १७ ते २२ मध्ये, एक श्रीमंत माणूस आहे. सगळं विकून ये म्हटल्यावर खट्टू होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता फार होती. भिकाऱ्याजवळ वस्त्र होतं, ते त्याने सोडलं आणि आला. अजून मागे गेलात तर ८व्या अध्यायात बेथसैदा इथे दुसरा एक आंधळा भेटतो, ज्याला दोन टप्प्यांत दिसू लागतं. आधी माणसं झाडांसारखी दिसतात, मग स्पष्ट. या दोन आंधळ्यांच्या मध्ये येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो आणि तीनही वेळा शिष्यांच्या डोक्यावरून जातं. मार्काने हे अशा क्रमाने मांडलंय की विचारावंसं वाटतं, यात खरं आंधळं कोण?

यातली एकही गोष्ट मी बाहेरून आणलेली नाही. सगळं पानावरच होतं. आपल्याला दिसत नाही कारण आपण छापलेल्या मथळ्यापासून मथळ्यापर्यंत वाचतो आणि आमेन म्हणतो. हे मथळे मूळ लेखनात नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, ती सहसा स्टीफन लँग्टन या इंग्लिश आर्चबिशपच्या नावावर सांगतात. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक तर रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. पत्ता शोधायला ते उत्तम आहेत. पण घराचा पत्ता म्हणजे भिंत नव्हे.

वचनं सुटी करून वाचण्याने काय होतं, त्याचं उदाहरण जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर लटकलेलं असतं. यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत. माझ्या वाट्यालाही एका वर्षी चिठ्ठीत हेच आलं होतं आणि मी ते नोकरीच्या मुलाखतीशी जोडून मोकळी झाले. नोकरी काही मिळाली नाही, आणि मी दोन महिने देवावर रुसून होते. मग कधीतरी अख्खा अध्याय वाचला. ते एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने लिहिलेलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. हे १०व्या वचनात आहे, कॅलेंडरवरच्या वचनाच्या अगदी आधी. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशा खोटी नाही, पण ती एका पिढीहून लांब आहे आणि एकट्यादुकट्याला नव्हे तर अख्ख्या लोकांना दिलेली आहे. त्या वचनावर माझा राग होता तो गेला. मी पत्ताच चुकीचा वाचला होता.

म्हणून कुठलाही उतारा घेतला की मी तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारते. इथे काय लिहिलंय? ज्यांना लिहिलं त्यांना ते काय सांगत होतं? आणि मग, शेवटी, मला काय? बहुतेक गडबड तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारल्याने होते.

भाषेचीही अडचण असते, ती मोकळेपणाने मान्य करावी. जुन्या भाषांतराची मराठी कानाला गोड असली तरी आजच्या मुलांना ती अडते. जकातदार म्हणजे कोण, शास्ते म्हणजे काय, हे विचारायला लाज वाटू नये. पंडिता रमाबाईंना ही अडचण शंभर वर्षांपूर्वी दिसली होती. साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून वर्षानुवर्षं भाषांतर केलं आणि छपाईचं काम तिथल्या मुली-बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं होतं. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझी पद्धत अशी की पाठांतरासाठी जुनं आणि समजण्यासाठी नवं. दोन्ही शेजारी ठेवून एकच वचन वाचलं आणि फरक दिसला, तर तिथे थांबायचं. बहुतेक वेळा त्या फरकाच्या खाली मूळ भाषेतला एखादा गुंतागुंतीचा शब्द असतो.

असा एक शब्द पहिल्याच स्तोत्रात आहे. धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस 'मनन' करतो. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो. मूळ हिब्रू क्रियापदात मात्र आवाज आहे, ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला वापरलंय आणि पारव्याच्या घुमण्यालाही. म्हणजे फ्रिजजवळच्या मावशी, ज्यांचे वाचताना ओठ हलतात आणि म्हणून ज्यांना पोरं हसतात, त्या पहिल्या स्तोत्राच्या जास्त जवळ आहेत.

एकट्याने वाचताना मात्र एक गोष्ट राहते. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारी आहे. फिलिप्प हा ख्रिस्ती प्रचारक त्याला विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो सरळ सांगतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? एवढा मोठा राणीचा खजिनदार, पण त्याला संकोच नाही. घरप्रार्थनेत आपण मात्र सगळे समजल्यासारख्या माना हलवतो. महिन्यातून एकदा तिघा-चौघांनी बसावं आणि नियम असा करावा की प्रत्येकाने न समजलेलं एक वचन घेऊन यायचं. समजलेलं आणायचं नाही. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून चहा गार होतो.

न समजलेल्या जागांसमोर मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करते आणि तारीख लिहिते. काही चिन्हं दोन-तीन वर्षांनी खोडरबराने पुसली गेली. लेवीयमधली बरीचशी नव्या करारातलं 'इब्री लोकांस पत्र' वाचल्यावर गेली, आणि त्या पत्राच्या ओढीनेच मी पाचव्या खेपेला लेवीय शेवटपर्यंत वाचलं. काही तशीच आहेत. ८८वं स्तोत्र बहुतेक विलापस्तोत्रांसारखं शेवटी स्तुतीकडे वळत नाही, हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. वडील गेले त्या आठवड्यात त्याच्यासमोर मी प्रश्नचिन्ह केलं होतं. परवा वाचताना पुन्हा तिथे आले, खोडरबर हातात होतं. पुसलं नाही. त्याच्या खाली फक्त नवी तारीख लिहिली.